साबाजी मेस्ताची शिवलेली होडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. धामरखोलात हा प्रश्न ज्याला विचाराल तो आपल्या आजाचं नाव सांगतो, आणि त्या आजालाही ही गोष्ट त्याच्या आजानेच सांगितलेली असते. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावात रस्ता नव्हता, आणि माणसं दर्याकडे तोंड करून राहत. खाडीच्या तोंडाशी तो खडक मात्र तेव्हाही होता. त्याला सासूची दाढ म्हणतात. ओहोटीला तो दिसतो, भरतीला दिसत नाही, आणि मधल्या वेळी कधी चावेल याचा नेम नाही. हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणारी बाई असणार एवढं नक्की.

त्या गावात साबाजी मेस्त राहायचा. मेस्त म्हणजे सुतार, आणि हा सुतार होड्या बांधायचा. असा होड्या बांधणारा खाडीच्या वर नव्हता आणि खाली नव्हता. फळीला कान लावला की ते झाड डोंगराच्या कुठल्या अंगाला वाढलं, त्याच्या बुंध्याशी पाणी किती होतं, हे त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. त्याने मारलेला खिळा लाकडाला दुखत नसे, असंही म्हणतात. लाकडाला कुणी विचारायला गेलं नव्हतं, पण होड्या तासून गुळगुळीत आणि बांधून घट्ट असत, त्यामुळे लोकांनी ते खरं धरलं.

आता धामरखोलची एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट त्या रितीवरच उभी आहे. नवी होडी पाण्यात घालायची तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, हात जोडून एकेक वाक्य म्हणणार आणि जमलेले सगळे त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणणार. कोकणात गाऱ्हाणी सगळीकडेच असतात. पण आमच्या गाऱ्हाण्यात एक वाक्य असं आहे जे दुसऱ्या कुठल्या गावात नाही. ते असं: "शिवल्याबगर होडी पाण्यात घालू नये, म्हाराजा."

शिवल्याशिवाय घालू नये. म्हणून गावातल्या प्रत्येकाने होडीला शिवायचं, म्हणजे हात लावायचा. खाटेवरच्या म्हाताऱ्याला उचलून आणत. पाळण्यातल्या लेकराची मूठ सोडवून तळहात फळीला टेकवत. दोन भाऊ बांधावरून एकमेकांचं तोंड पाहत नसले तरी होडीच्या दोन बाजूंना येऊन हात लावून जात. एक हात राहिला तरी होडी वाळूतच. गावाला या रितीचा मोठा अभिमान होता. आमच्या होडीला अख्ख्या गावाचा हात लागलेला असतो, असं धामरखोलची माणसं बाजारात छाती काढून सांगत. अख्ख्या गावाचा म्हणजे कुणाकुणाचा, ते पुढे येईल.

साबाजीला एक धाकटा भाऊ होता, पुनाजी. त्याच्या हातात रंधा टिकत नसे आणि वल्हं सुटत नसे. सुताराच्या घरात मासा जन्माला आला, असं लोक म्हणत. साबाजीने भावासाठी एक होडी बांधली. जन्मात बांधली नव्हती अशी. आइनाच्या लाकडाची फळी, नवे लोखंडी खिळे, आणि सांधे असे की मुंगीला आत जायचं तर विचारून जावं लागेल. गावाने हात लावले, गाऱ्हाणं झालं, होडी पाण्यात गेली. पहिल्याच खेपेला परतताना लाटेने ती उचलली आणि सासूच्या दाढेवर ठेवली. किनाऱ्यावरून लोक बघत होते. होडी खिळ्यांच्या रेषेत फुटली, सुरीने पापलेट चिरावं तशी. बाकीचे पोहून आले. पुनाजी आला नाही.

पुनाजीची बायको शेवंती. दिवसकार्य उरकल्यावर ती साबाजीच्या ओटीवर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"भावजी, होडी तुमी बांधलास. ती कित्याक फुटली, ता माका सांगा."

"दाढेर आपाटली," साबाजी खाली मान घालून म्हणाला.

"दाढ काय काल इली? माजो पणजो तेच्यावरसून जाय-येय. तेची नाय फुटली. ही कित्याक फुटली?"

सगळ्या खाडीत त्याच्याइतकं होडीचं कुणाला कळत नव्हतं, आणि आपली होडी का फुटली ते त्याला सांगता येत नव्हतं. शेवंती निघून गेली.

पुढे दुसऱ्या एका घराची होडी तयार झाली. गाव जमलं, हात लागले, आणि शेवंती आपल्या दारातून उठली नाही. बोलावणं गेलं. तिने निरोप पाठवला, "भावजी माका सांगतले, मगेच माजो हात लागतलो." गावकर स्वतः गेला. त्याला लोक आबा म्हणत आणि त्याचा शब्द मोडत नसत. तिने त्याला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि तेच सांगितलं. आबा गूळपाणी पिऊन परत आला. एका विधवेच्या हाताविना होडी पाण्यात ढकलायची गावाची छाती झाली नाही. कारण रीत तिने मोडली नव्हती. ती रितीवरच बोट ठेवून बसली होती.

झालं. होड्या वाळूत उभ्या राहिल्या. जुन्या होत्या त्या एकेक करून झिजू लागल्या आणि नवी एकही पाण्यात जाईना. दर्यावर जगणारं गाव, आणि दर्या समोर दिसत असून हाताला येत नव्हता. साबाजीने हातोडा घराच्या कुडाला टांगला, खांद्यावर पिशवी घेतली आणि तो निघाला. शेवंतीच्या प्रश्नाचं उत्तर आणल्याशिवाय एक खिळा मारणार नाही, असं तो कुणालाही न सांगता स्वतःशी बोलला, असं म्हणतात. कुणालाही न सांगता बोलला तर ते आपल्याला कसं कळलं, असं मुलं विचारतात. त्यांना मी सांगतो, गप्प बसा आणि ऐका.

खाडीमागून खाडी तो हिंडला. जिथे जुनी होडी दिसेल तिथे तिच्या पोटाखाली आडवा व्हायचा, बोटाने सांधे चाचपायचा, लाकूड हुंगायचा. म्हाताऱ्या सुतारांच्या पायाशी बसून विचारायचा, तुझ्या बापाने होडीचा कणा कसा टाकला, त्याच्या बापाने कसा टाकला, आणि बदलला तो कुणी आणि कशासाठी. होड्या बांधणारे खूप असतात. होडी कुणापासून कशी झाली, याचा माग काढणारा हा पहिलाच. लोक हसत. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, आणि हा शहाणा होडीचं विचारत सुटलाय.

साबाजीला लिहिता येत नव्हतं. तो पाहिलेली प्रत्येक होडी पांगाऱ्याच्या मऊ लाकडात कोरून ठेवायचा, हाताच्या वितीएवढी, कण्यापासून सुकाणूपर्यंत हुबेहूब. घरी परतला की ती आढ्याला टांगायची आणि पुन्हा निघायचं. हळूहळू घराच्या आढ्याखाली होड्याच होड्या झाल्या. रुंद पोटाच्या, चोचीसारख्या नाकाच्या, एका लाकडातून पोखरून काढलेल्या, आणि कुठल्या काळातल्या कुठल्या खाडीतल्या ते फक्त त्यालाच माहीत अशा. वारा आला की सगळ्या एकदम डोलायच्या. साबाजीच्या घरात दर्या उलटा टांगलाय, असं लोक म्हणू लागले.

इतकं सगळं जमलं, पण उत्तर जमेना. जिथे जाईल तिथे खिळेच होते. कुठे लहान, कुठे मोठे, कुठे वाकवून बसवलेले. त्याला एवढं कळलं की मागे मागे जावं तसे खिळे कमी होत जातात, आणि फार मागे गेलं की मागच पुसतो. तिथे होडी कशाने धरून ठेवत, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, पूर्वी देव धरून ठेवत असतील. साबाजीने त्याला नमस्कार केला आणि तो पुढे गेला.

मग एका वर्षी मोठी उधाणं आली आणि खाडीचा तळ उलटापालटा झाला. ओहोटीला बाया चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरल्या. शेवंतीच्या पायाला काहीतरी कठीण लागलं. तिने उकरलं तर काळीभोर फळी, तिच्याहून उंच. दुसरी कुणी असती तर चुलीत घातली असती. तिने ती डोक्यावर घेतली, साबाजीच्या अंगणात आणून टाकली आणि म्हणाली, "हेका खिळो नाय."

साबाजीने फळी धुतली. खरंच खिळा नव्हता, आणि कधी असल्याची खूणही नव्हती. लोखंड लाकडात राहिलं की भोवती काळानिळा डाग पडतो, तसा डाग कुठे नव्हता. पण फळीच्या काठाने भोकं होती. एकाशेजारी एक, ओळीने, आणि भोकापासून भोकापर्यंत बारीक चर. एका भोकात केसासारखं काही अडकलं होतं. त्याने ते दाभणाने काढलं. काथ्याचा तंतू होता.

तो फळीसमोर बसून राहिला. जेवायला उठला नाही. समोर शेवंती आपल्या ओटीवर वाकळ शिवत होती. तिची लेक गारठली होती आणि अर्धवट वाकळच अंगावर ओढत होती. शेवंतीने तिच्या हातावर चापट मारली.

"थांब गो. शिवल्याबगर पांघरूक देवचंय नाय."

साबाजी उठून उभा राहिला. त्याने वाकळीकडे पाहिलं. काठाने टाके, एकाशेजारी एक, ओळीने. त्याने फळीकडे पाहिलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शिवल्याशिवाय होडी पाण्यात घालू नये. पिढ्यानपिढ्या गाव होडीला हात लावत आलं, आणि गाऱ्हाणं बिचारं ओरडून सांगत होतं की बाबांनो, सुई लावा. शब्द तोच, अर्थ कुठल्या कुठे. ज्यांनी ते वाक्य देवापुढे ठेवलं त्यांच्या होड्या शिवलेल्या होत्या.

पण अर्थ लागला म्हणून टाका येत नाही. साबाजीने दोन फळ्या घेतल्या, भोकं पाडली, काथ्याची दोरी ओवली. दोरी सैल पडली. घट्ट केली तर तुटली. पाण्यात ठेवल्या तर दोन फळ्या दोन दिशांना गेल्या. मग त्याने विचार केला, दोरी कुणाची? काथ्या कुटतो कोण, वळतो कोण? आणि तो काथ्यावाडीकडे निघाला.

काथ्यावाडी खाडीच्या वळणापलीकडे होती. तिथली माणसं नारळाची सोडणं चिखलात कुजवत, कुटत आणि दोऱ्या वळत. गावाची जाळी त्यांच्या दोरीवर, गावाच्या विहिरीचा पोहरा त्यांच्या दोरीवर, पण गाव त्यांना शिवत नसे. दोरी वाटेवर ठेवून ते मागे सरत, मग गावातला कुणी ती उचले. दोरीच्या बदल्यात धान्य द्यायचं तर वरून टाकत. आणि नव्या होडीला अख्ख्या गावाचे हात लागत, तेव्हा ही माणसं वळणापलीकडे उभी राहून बघत. आता कळलं ना, अख्ख्या गावाचा म्हणजे कुणाकुणाचा? गावाने हे कधी मोजलंच नव्हतं, याची मला आजही लाज वाटते.

काथ्यावाडीत भिवरा नावाची बाई होती. तिचे हात काथ्यासारखेच राठ होते आणि जीभ त्याहून. साबाजीने काळी फळी तिच्यासमोर ठेवली. तिने ती पालथी केली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हो टाको आमचो."

आणि तिने त्याला आपल्या खोपटात वाकून बघायला लावलं. आत नातवाचा पाळणा होता. चार फळ्यांचा, आणि त्यात एकही खिळा नव्हता. काठाने टाके, एकाशेजारी एक. काथ्यावाडीत लेकराचा पाळणा खिळ्याने जोडत नसत, शिवत. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. रीत होती.

"मगे होडयो शिवूच्यो सोडलात कित्याक?" साबाजीने विचारलं.

"आमी खय सोडलंव?" भिवरा म्हणाली. "आमच्या पणज्यांनी तुमच्यो होडयो शिवल्यांनी. मगे तुमी म्हणूक लागलात, आमका शिवा नुको. तर ऱ्हवला शिवूचा."

साबाजीने काळी फळी पुन्हा जवळ ओढली. इतक्या खाड्या हिंडून जे सापडलं नाही ते त्याच्याच गावाच्या वळणावर होतं. खिळा काही दोरीपेक्षा शहाणा म्हणून आला नव्हता. खिळा एकट्याला ठोकता येतो. त्याला दुसऱ्याचा हात लागत नाही. म्हणून तो गावाला आवडला.

"माका शिकव," तो म्हणाला.

"शिकवतंय. पण एकान होडयेच्या भायर बसूचा लागता, एकान भितर. भोकातसून दोरी इली की ती हातात घेवची लागता आणि हातात देवची लागता. वरसून टाकलली चलाची नाय." तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "भितर कोण बसतलो?"

"मी," साबाजी म्हणाला.

वाळूवर नव्या होडीचा कणा पडला. बाहेर भिवरा, आत साबाजी. पहिली दोरी भोकातून आत आली, साबाजीने ओढून परत दिली, आणि भोकाच्या तोंडाशी दोघांची बोटं एकमेकांना लागली. आभाळ कोसळलं नाही. शेजारचा एक खेकडा तेवढा बिळात गेला.

बातमी गावात पोचायला काय वेळ? आबा गावकर आला आणि लांबूनच म्हणाला, "मेस्ता, होडी बाटतली."

साबाजीने दोरी ओढता ओढता मान वर केली. "आबा, दर्यो शिवताना कोणाची जात इचारता? पुनाजीक इचारल्यान?"

आबा गेला नाही आणि पुढेही आला नाही. त्याच्यामागे बाकीचे जमले, बाया, पोरं, जाळी विणणारे. सगळे अंतर राखून उभे राहिले आणि बघू लागले. रोज यायचे आणि रोज बघायचे. भिवराचे टाके पडत होते माळेसारखे. साबाजीचे मात्र वेडेवाकडे पडत होते. हातोड्याचा माणूस तो, दोरीचा नव्हे. त्याची बोटं सोलवटली, रक्त आलं, आणि टाका काही सरळ येईना.

आता जन्मभर ज्यांनी जाळी विणली त्यांना वाकडा टाका बघवतो होय? जात एका बाजूला, बाटणं एका बाजूला, त्यांचे हात शिवशिवायला लागले. आवडू नावाचा एक म्हातारा जाळीकर होता. तो सगळ्यात कडक सोवळ्याचा, काथ्यावाडीची सावली चुकवून चालणारा. त्याने जितका वेळ सोसवलं तितका वेळ सोसलं. मग तो तरातरा पुढे आला, होडीत चढला आणि साबाजीला कोपराने ढकलून म्हणाला, "सर थयसून. टाको असो घालतत?" दोरीचं टोक बाहेरून आलं ते त्याने भिवराच्या बोटांतून घेतलं, पीळ देऊन परत केलं, आणि पुढच्या टोकाची वाट बघत बसला. आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं तोवर दुपार कलली होती, असं म्हणतात. आल्यावर तो म्हणाला, आता झालंच आहे तर ही बाजू पुरी करतो.

मग काय! आत जाळीकर, बाहेर काथ्यावाडी. टाका कुणाचा सरस यावरून चढाओढ लागली, भांडणं लागली, थट्टा सुरू झाली. भांडायला लागले म्हणजे माणसात आले. सांध्यांत काथ्या ठासला, वरून मुशी माशाचं तेल पाजलं, आणि होडी उभी राहिली. तिच्या अंगात एकही खिळा नव्हता. बोटाने दाबली तर दबायची, वारा आला तर कुरकुरायची. साबाजीने तिला कान लावला आणि म्हणाला, ही श्वास घेते.

गाऱ्हाण्याचा दिवस आला. हात लागू लागले. आबा गावकराने लावला. काथ्यावाडीच्या लहानथोरांनी लावला, पहिल्यांदाच. भिवराच्या नातवाची मूठ सोडवून तळहात फळीला टेकवला. आणि मग सगळ्यांच्या माना शेवंतीच्या दाराकडे वळल्या, कारण तिचा हात राहिला होता.

या वेळी ती आली. होडीपासून हातभर लांब थांबली. दोन्ही हात पदराखाली.

"तुमी अजून माका सांगूक नाय, भावजी."

"ता सांगान कळाचा नाय," साबाजी म्हणाला. "होडयेत बस. दाखवतंय."

तिने दर्याकडे पाहिलं. समोर दाढेवर पांढरं पाणी फुटत होतं. मग तिने पदर खोचला आणि ती होडीत चढली. होडीत चढायचं तर काठाला हात लावावाच लागतो. गावाने ते पाहिलं. आबाने गाऱ्हाणं सुरू केलं. "शिवल्याबगर होडी पाण्यात घालू नये" इथवर तो आला. आणि "व्हय म्हाराजा" असं उठलं की खाडीपलीकडचे बगळे उडाले.

सुकाणूवर साबाजी, मध्ये शेवंती, नाकाशी भिवरा. मी शिवलीय, फुटली तर मीही फुटेन, असं भिवरा म्हणाली होती. वल्ह्यांवर जाळीकर आणि काथ्यावाडीचे गडी जोडीने. साबाजीने होडी वळवली ती सरळ दाढेवर. दाढ चुकवून नव्हे, दाढेवर. किनाऱ्यावर बायांनी डोळे मिटले. लाट आली, होडी उचलली गेली आणि दाढेवर आदळली. सगळे टाके एकदम करकरले. फळ्या फळ्यांवर सरकल्या, सांध्यातून पाण्याची पिचकारी उडाली, आणि होडी वाकली. जिवंत माशासारखी पाठ वाकवून ती खडकावर पोटाने रेलली, कुशीवर वळली, आणि दुसरी लाट येताच घसरून पलीकडच्या निळ्या पाण्यात गेली. तिथे तिने अंग झाडलं आणि पुन्हा सरळ झाली. कुणी म्हणतं, त्या दिवशी होडी वाकली नाही, दाढच खाली वाकली. इतक्या हातांनी शिवलेली होडी बघून सासूलाही मान खाली घालावी लागली. दोघींपैकी कोण वाकलं, ते साबाजीने कधी सांगितलं नाही.

पलीकडच्या पाण्यात वल्ही थांबली. शेवंती काठाला दोन्ही हातांनी धरून बसली होती. टाक्यांवर तिची बोटं होती.

"आता सांगा," ती म्हणाली.

"मीया ती भारीच घट्ट बांधललंय," साबाजी म्हणाला. "पुनाजीची होडी. तिका वाकूक येय नव्हता."

शेवंती रडली. पुनाजी गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, दर्यात बसून. भिवरा सरकत तिच्याजवळ आली आणि तिने तिच्या पाठीवर हात ठेवला. वल्ह्यांवरचे गडी दुसरीकडे बघत राहिले. साबाजीने सुकाणू धरून ठेवलं आणि तिला पोटभर रडू दिलं. तोही रडत होता, असं भिवराने पुढे सांगितलं.

त्यानंतर साबाजीने किती होड्या बांधल्या ते कोण मोजतंय? त्यांतली एकही दाढेवर फुटली नाही, एवढं गावाला ठाऊक आहे. लांबलांबच्या खाड्यांतून सुतार शिकायला येत. साबाजी आधी त्यांना आढ्याखाली उभं करायचा, टांगलेल्या होड्यांची कुळी सांगायचा, आणि मग वळणापलीकडे भिवराकडे धाडायचा. तो गेला त्या दिवशी वारा पडलेला होता. तरीही आढ्याच्या साऱ्या होड्या आपापल्या दोरीवर फिरल्या आणि त्यांची नाकं दर्याकडे झाली, असं म्हणतात. त्या होड्या आता गावच्या देवीच्या मांडवात टांगलेल्या आहेत. तुम्हीही बघू शकता. हात लावायला कुणी मना करत नाही.

आता धामरखोलात होड्या फायबरच्या आहेत, त्यांना इंजिनं आहेत, आणि दाढेच्या बाजूला सरकारने दिवा लावलाय. फायबरला शिवायचं काय? तरी नवी होडी आली की ती आधी वाळूत थांबते. नाकाच्या टोकाला, पाण्याच्या रेषेच्या वर, दोन भोकं पाडतात. एक माणूस आत बसतो, एक बाहेर. एक गावातला, एक काथ्यावाडीतला. दोघे मिळून काथ्याचा एकच टाका घालतात. दोरी हातातून हातात द्यायची, टाकायची नाही. हात ज्याचे सोलवटतील त्याला साबाजी म्हणतात, आणि त्या दिवशी त्याला सगळीकडे जेवायला बोलावतात. तो टाका पुरा झाल्यावर मग सगळ्यांनी होडीला शिवायचं.

होडी विकणाऱ्या दुकानदाराचा माणूस मागे एकदा आला होता. नव्याकोऱ्या होडीला भोक पाडताना बघून तो कळवळला. हे कशाला, म्हणाला. पोरांनी त्याला गाऱ्हाण्यातलं वाक्य सांगितलं. त्याने विचारलं, म्हणजे हात लावायचा की टाका घालायचा? पोरं एकमेकांकडे बघून हसली. त्यांनी त्याचा हात धरला, त्याला होडीत चढवलं आणि दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. बाहेरून काथ्यावाडीच्या पोरीने ते ओढून घेतलं. तेवढ्यात गावकराने गाऱ्हाणं सुरू केलं. त्यात आता बारा-पाचाच्या, म्हणजे गावच्या सगळ्या देवांनंतर साबाजी मेस्ताचं नाव येतं आणि त्याच श्वासात भिवराचं. तो माणूसही मान खाली घालून उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर म्हणाला,

"व्हय म्हाराजा."